लुगड्याचं दुसरं टोक

“मग ‘धुणे’ या शब्दाचे एकंदर अर्थ तरी किती, बाबा?”

नीरेच्या काठी तुळाजीबाबा धुण्याच्या दगडावर बसले होते. जातीनं परीट. सारी हयात याच घाटावर गेली. आता हात थकले होते, तरी चार गावांची माणसं त्यांच्यापाशी येऊन बसत.

विचारणारे होते नरहरशास्त्री. बारा वर्षं ते शब्दकोश रचत होते आणि आता कुठे ‘ध’पर्यंत आले होते.

“तुमाला किती ठावं हायेत?” बाबांनी विचारलं.

शास्त्रीबुवा सरसावून बसले.

“कपडे धुणे, हा पहिला. पूर गाव धुऊन नेतो, तो निराळा. रागावलेला माणूस दुसऱ्याला धुऊन काढतो. कोणी हात धुऊन पाठीस लागतो, कोणी वाहत्या गंगेत हात धुऊन घेतो. सज्जनाला आपण धुतल्या तांदळासारखा म्हणतो. असे अकरा टिपलेत मी. एखादा सुटला असेलच, तर तो परटाला ठाऊक.”

“घरी धुनं कोन धुतं?”

“आता एक बाई येतात. पूर्वी आमचं कुटुंब धूत असे... दोन वर्षं झाली तिला जाऊन.”

बाबांची नजर शास्त्रीबुवांच्या काखेतल्या बोचक्याकडे गेली. पायऱ्या उतरल्यापासून बुवांनी ते खाली ठेवलं नव्हतं.

“त्यात काय हाय?”

“लुगडं. उमानं शेवटचं नेसलेलं. तसंच ठेवलंय.”

“न धुता?”

“तिचा वास होता त्याला.” शास्त्रीबुवांचा आवाज उतरला. “खोबरेल, चुलीचा धूर, असं काहीतरी. मी रोज पेटी उघडायचो आणि रोज तो थोडा कमी व्हायचा. आता नुसता कुबट वास येतो... तरी धुवायला टाकवत नाही.”

“मग हितवर आनलंत कशापायी?”

शास्त्रीबुवांनी गाठ सोडली आणि लुगडं बाबांपुढे धरलं.

बाबांनी हात पुढे केला नाही. दगडावरून उठून ते बाजूला झाले, एवढंच.

शास्त्रीबुवांनी धोतर वर खोचलं आणि गुडघाभर पाण्यात शिरले. जन्मात त्यांनी साधा पंचा धुतला नव्हता. लुगडं भिजलं तसं जड झालं, धारेला ओढ घेऊ लागलं. चोळता चोळता पदरातून हळदीचं पिवळं पाणी निघालं. रांधताना ती तिथं हात पुसत असणार. बत्तीस वर्षं ती डोळ्यांपुढे वावरली आणि त्यांनी हे कधी पाहिलं नव्हतं.

पिवळी रेघ धारेत लांबत गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत ते बघत राहिले.

मग पिळायला गेले, तर नऊ वार काही हातात आवरेना. बाबा पाण्यात उतरले, दुसरं टोक धरलं. दोघांमध्ये पीळ भरत गेला.

“ती हे एकटीच पिळत असे,” शास्त्रीबुवा म्हणाले. “मी तिथंच ओटीवर वाचत बसलेला असे. कधी हाक मारली नाही तिनं... आता मारली, तर पोथी टाकून जाईन.”

बाबा आपलं टोक धरून उभे राहिले.

शास्त्रीबुवांनी पदर नाकाशी नेला.

“गेला वास. नुसता पाण्याचा येतोय.”

उपरण्यानं डोळे टिपून ते काठावर आले आणि लुगडं घडी घालू लागले. दिवेलागणीच्या आत घर गाठायचं होतं.

बाबांनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

“ओल्याची घडी घालू नये, शास्त्रीबुवा.”