माळाईच्या अकरा चवऱ्या

तुम्ही देवीवर ढाळायची चवरी कधी हातात घेऊन पाहिली आहे का? नसेल तर ही घ्या. दचकू नका, हे बाईमाणसाचे केस आहेत. गाभाऱ्यापुढच्या त्या आडव्या दांडीला अशा अकरा चवऱ्या आहेत. दहा काळ्या आणि टोकाची एक पांढरीशुभ्र. दुसरीकडे चवरी जनावराच्या शेपटीच्या केसांची असते. आमच्या तांबेमाळावर ती बायकांच्या केसांची का, ते असे सांगतात.

फार मागे या माळावर घोड्यांची पागा होती. जनावरे अकरा आणि प्रत्येकामागे एक मोतद्दार, म्हणजे दाणापाणी आणि खरारा बघणारा माणूस. खंडू नावाचा एकटा सडा, बाकी दहाजण बायकापोरांचे. सगळ्यांवर रायाजी नाईक. माणूस वाईट नव्हता, पण दुसऱ्याचे ऐकून घ्यायला त्यांना वेळच नसे. त्यांच्या बायकोचे, अंबाक्काचे, केस ऐन तिशीत पांढरे झाले होते. ते नाईकांमुळेच, असे बायका आपसात म्हणत.

त्या वर्षी भाद्रपदात गोमाश्या उठल्या. एक चावली की घोड्याच्या अंगावर रक्ताचा थेंब उभा राही. मोतद्दारांनी निरगुडीचा पाला जाळून धूर केला, तर वारा तो धूर उचलून थेट नाईकांच्या घरात नेई आणि अंबाक्का खोकून हैराण होई. कडुनिंबाचे तेल चोळले, तर त्यावर माळाची धूळ बसून पांढरी घोडीसुद्धा विटकरी दिसू लागली. माश्या तशाच. चिखल थापला, तो दुपारपर्यंत वाळून गळून पडला. झूल घातली, तर माश्या झुलीच्या आत शिरल्या, आणि मग त्यांना हाकलताही येईना. येणारा-जाणारा प्रत्येकजण नवा उपाय सांगून आपल्या वाटेने निघून जाई.

शेवटी वैतागून नाईकांनी माळाईला नवस बोलला, "आई, माश्या हटव, अकरा चवऱ्या वाहीन." इथवर ठीक होते. पण नाईक घाईचे. आधीच वाहिल्या तर देवी लवकर करील, असे त्यांच्या मनाने घेतले. आणि चवऱ्यांना केस कुठले? तर घोड्यांच्या शेपट्यांचे. अकराही शेपट्यांचे केस आखूड कापले, चवऱ्या बांधल्या आणि वाजतगाजत देवळात नेल्या.

घोड्याजवळ माशी हाकलायला असते तरी काय? एक शेपूट. तीच देवीला गेली. माश्यांना रान मोकळे झाले.

धोंडजी मोतद्दाराकडे हळदी नावाची घोडी होती, नुकतीच व्यालेली. तिच्या पोटाला माश्या इतक्या झोंबत, की पोटाखाली काहीही हलले तरी ती लाथ झाडी. माशी कुठली आणि आपले शिंगरू कुठले, हे तिला कळेनासे झाले. शिंगरू दुधाला जाई आणि लाथ खाऊन परते. धोंडजीच्या बायकोने, सगुणाने, दोन दिवस त्याला फडक्याच्या बोळ्याने शेळीचे दूध पाजले. तिसऱ्या दिवशी ते उठून उभेही राहीना. मग सगुणा नाईकांच्या दारात गेली.

"नाईक, हळदीची शेपूट तेवढी परत द्या."

"परत? अगं, देवीला वाहिलेलं मागं घेतात का?"

"देवळात माशी शोधून सापडायची नाही. देवी त्या चवरीनं काय हाकलणार?"

"तुला नवसातलं काय कळतंय?"

"नवसातलं नाही कळत. शिंगरू मरतंय, एवढं कळतंय."

"मग धोंडजी काय करतोय? वारा घालायला सांग त्याला."

"तीन दिवस घालतोय. आता हात वर होईना त्याचा. तुम्ही या घटकाभर."

आत अंबाक्काने पदर तोंडाला लावला म्हणे. नाईकांनी मात्र सगुणाला घालवून दिले.

ती घरी गेलीच नाही. भर दुपारी या देवळात आली. तिचे केस गुडघ्यापर्यंत होते. नवरा जिवंत असताना बाईने केस कापणे म्हणजे त्याचे मरण ओढवून घेणे, असे तेव्हा लोक मानत. सगुणाने या पायरीवर बसून विळ्याने आपले केस कापले, चवरीसारखे बांधून दांडीला टांगले आणि हळदीची चवरी सोडवून घेतली. "आई, तुझ्या अकराच्या अकरा राहिल्या," एवढेच ती म्हणाली, असे सांगतात.

पागेत धोंडजी तिच्या डोक्याकडे बघतच राहिला. "अगं, मी अजून जिता आहे!"

"मग जिता राहा आणि हे टोक धरा. गाठ बसत नाहीये."

दोघांनी मिळून ते केस हळदीच्या आखूड शेपटीत गुंफले. हळदीने शेपूट एकदा फिरवली, पुन्हा फिरवली. ऊन उतरले तेव्हा तिचे चारही पाय जमिनीवर टेकलेले होते. शिंगरू धडपडत उठले, तिच्या पोटाखाली गेले आणि पीत राहिले.

नाईकांना कळले तेव्हा ते पागेत येऊन सगळ्यांदेखत ओरडले, "उद्या सकाळी देवीला कौल लावतो. डावं फूल पडलं, तर शेपूट देवळात आणि तुम्ही दोघं माळाखाली!" मोतद्दारांच्या बायका दारादारांतून ऐकत होत्या.

आजही तांबेमाळावर घोड्याच्या शेपटीला कात्री लावत नाहीत. एखादी चवरी झिजली, तर गावातली कोणी बाई भाद्रपदात आपले केस देते. टोकाच्या चवरीसाठी मात्र पांढऱ्या केसांचीच बाई शोधतात. कौल काय पडला, असे पुष्कळजण विचारतात. कौल लावलाच गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाईक देवळात आले, तेव्हा घोड्यांच्या राहिलेल्या दहाही शेपट्या पागेत परत गेल्या होत्या. दांडीवर सगुणाच्या केसांशेजारी नऊ मोतद्दारणींचे केस टांगलेले होते, आणि खंडूच्या घोड्याच्या जागी अंबाक्काचे.