उंबरठ्याबाहेरचा कायदा

ते गाव बेल्जियममधलं गेंट होतं की लूवेन, हे नीळकंठराव राजवाड्यांना आता नक्की आठवत नाही. खुर्ची मात्र निळी होती. नर्स म्हणून आलेल्या सुनंदा वाघचौरेला सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं आणि त्याआधी राहण्याचा पत्ता द्यायचा होता. म्हणून ते तिच्याबरोबर खोली पाहायला गेले होते.

घरमालक निवृत्त वकील. दोघांना बघून तो म्हणाला, "आशियाई भाडेकरू मी ठेवत नाही."

"पण समानतेचा कायदा आहे ना, साहेब?" सुनंदाने विचारलं.

"तो सरकारसाठी. हे माझं खासगी घर आहे. सरकारचा कायदा माझ्या उंबरठ्याबाहेर."

नीळकंठरावांनी आयुष्यभर कायदा शिकवला होता, पण हा कायदा खासगी माणसाला लागतो की नाही, या शंकेतच ते घुटमळत राहिले. तेवढ्यात सुनंदा दिवाणखान्यातल्या निळ्या खुर्चीत ऐसपैस बसली.

"काका, तुम्हीही टेका. आता मी इथेच राहणार."

"उठा, नाहीतर पोलिसांना बोलावतो," वकील म्हणाला.

"बोलवा की. पण पोलीस सरकारचे आणि मला उठवणारा कायदाही सरकारचाच. तो उंबरठ्याच्या आत कसा येणार?"

वकिलाने फोन उचलला, जरा वेळ हातात धरला आणि खाली ठेवला. मग खोलीची किल्ली शोधू लागला.

तो कायदा खासगी घरमालकालाही लागू होता, हे नीळकंठरावांनी सहा वर्षांनी ग्रंथालयात बसून तपासलं. सुनंदा तेव्हाही त्याच खोलीत राहत होती.