तुळाजीचे शेवटचे पान

एकदा एका संस्थानात कलासंग्रहालयाची इमारत बांधायला काढली होती. आपण अशा इमारतीत जातो, चित्रे पाहतो, मूर्ती पाहतो. पण मान वर करून छताखालची नक्षी किती जण पाहतात? हैबती आणि तुळाजी हे त्याच नक्षीचे कारागीर, एकाच वृद्ध मेस्त्रींचे शिष्य.

मुख्य दालनात भिंतीच्या माथ्यावर चुन्याची वेल काढायची होती. रिवाज असा, की दोघांनी दोन टोकांकडून यायचे आणि बरोबर मधोमध भेटायचे. तुळाजी डावखुरा. त्याची पाने डावीकडे कललेली, हैबतीची उजवीकडे. दोघांच्या टोकांमध्ये पाच हात अंतर उरले असताना तुळाजी तापाने गेला.

तेरावा झाला आणि हैबती पुन्हा परांचीवर चढला. मेस्त्री दुसरा जोडीदार देत होते, तो नको म्हणाला. दिवसभर एकटाच. सवयीने "चुना सरकव रे" म्हणायचा आणि मग स्वतःच उठून घ्यायचा.

संध्याकाळी वेल पुरी झाली. तुळाजीच्या वाट्याची पाने त्याने तुळाजीच्याच वळणाने काढली होती, हुबेहूब. मेस्त्री वर चढले, बराच वेळ पाहत राहिले, आणि थापी घेऊन ती ओली पाने त्यांनी खरवडून टाकली.

"अहो मेस्त्री! काय केलंत हे? चूक कुठं होती, दाखवा तरी!"

"चूक? छे रे! मी फसलो असतो, इतकं बेमालूम." म्हातारा धापा टाकत फळीवर बसला. "तीच तर पंचाईत आहे. उद्या जाणकार येतील, वर बघतील आणि म्हणतील, दोघांनी काम पुरं केलं, दोघं घरी गेले. तुळाजी या पानाशी थांबला, हे कुणाला कळायचंच नाही. आणि तू स्वतःला काय समजावतोयस, सांग बघू? उरलेली वेल तुझी एकट्याची आहे, बाबा. ती तुझ्याच हाताची दिसू दे."

दुसऱ्या दिवशी हैबतीने ताजा चुना लावला. उजवीकडे कललेली पाने काढत तो मध्य ओलांडून पुढे गेला, अगदी तुळाजीच्या शेवटच्या पानापर्यंत. जोड चांगली अडीच हात बाजूला आली होती. खालूनही दिसत होती.

तेराव्यालाही न रडलेल्या त्या माणसाने थापी खाली ठेवली.

"मेस्त्री, तुळाजी गेला हो," तो म्हणाला, आणि हमसून हमसून रडू लागला.

"होय रे," म्हातारा म्हणाला. "गेला."