वात पळवणारा उंदीर कुणाचा?

दिवाळीच्या ऐन पाडव्याला टोपल्या विणणाऱ्या हौसा बुरडिणीचं घर जळून खाक झालं! पणतीतली पेटती वात उंदरानं ओढली आणि थेट छपरातल्या बाजरीच्या वाळक्या सरमाडात नेली. गाव धावलं, नाही असं नाही. एकानं रिकामी घागर आणली, दुसऱ्यानं नुसता सल्ला आणला. दोन्हींनी आग विझली नाही.

हौसा मात्र रडत बसली नाही. झुंबरशेठनं गावाला हमीच दिली होती ना! दर दसऱ्याला घरटी पायलीभर बाजरी माझ्या कोठारात टाका, घर जळालं तर नवं बांधून देतो. बाजरी घेताना शेठची जीभ गुळाची. हौसा दारात उभी राहिली आणि त्याच जिभेचं कारलं झालं.

"आग कुणी लावली गं?"

"उंदरानं, शेठ."

"कुणाच्या उंदरानं?"

"अहो, उंदीर काय मी पाळलाय?"

"तुझ्या घरात होता म्हणजे तुझाच! घरच्यानंच घर जाळलं तर हमी लागू नाही. परक्यानं जाळलं असतं तर बांधून दिलं असतं हो! चल, नीघ!"

हौसा राजाकडे गेली. राजाचं नाव रणधुमाळ, पण आयुष्यात त्यानं लढाई केली ती फक्त ताटाशी, तीही शेठनं पाठवलेल्या तुपाच्या जोरावर. त्यानं मिशी पिळली.

"शेठचं बरोबर आहे! उद्या दुपारपर्यंत तो उंदीर परका होता हे सिद्ध कर. नाही जमलं, तर घराची जागासुद्धा शेठची!"

दरबाऱ्यांनी माना डोलावल्या. त्या मानांना दुसरं काम होतंच कुठं?

थंडी तोंडावर आलेली. पदरी आंधळी सासू. जागा गेली तर दोघींनी झोपायचं कुठं, झाडावर? पण हौसानं हातपाय गाळले नाहीत. तिनं बांबूच्या कामट्यांचा पिंजरा विणला.

दुसऱ्या दिवशी तिनं राजाला जळक्या घरापाशी बोलावलं. शेजारीच शेठचं कोठार. पिंजऱ्यात एक गलेलठ्ठ उंदीर, अगदी दरबाऱ्यासारखा!

"महाराज, हा इथंच सापडला. सोडते. ज्याचा असेल त्याच्या घरी जाईल."

"हा तोच कशावरून?" शेठ खेकसला.

"तो नसला तर त्याचा मेव्हणा असेल. मेव्हण्याला दाजीचं घर ठाऊक नसतं होय, शेठ?"

"सोड!" राजा म्हणाला. त्याला मौज वाटायला लागली होती.

हौसानं पिंजरा उघडला. उंदरानं राखेकडं ढुंकूनही पाहिलं नाही. तीरासारखा सुटला तो शेठच्या कोठाराच्या बिळात!

"घ्या! उंदीर शेठचा! माझी बाजरी त्यांच्या कोठारात, मग तो माझ्याकडं काय चुलीतली राख खाऊन जगेल?"

शेठ थयथय नाचला. "खोटं! साफ खोटं! इथला एकही उंदीर माझा नाही! गावभरचे फुकटे येतात, खातात, जातात! आत्ता इथं, घटकेनं तिथं! उंदराला कसलं आलंय घर?"

हौसानं कमरेवर हात ठेवले.

"ऐकलंत, महाराज? उंदीर शेठचा असेल, तर शेठच्या उंदरानं माझं घर जाळलं. भरपाई त्यांनी द्यावी! आणि तो गावभर हिंडणारा असेल, तर तो परका. मग हमी लागू, घर त्यांनीच बांधावं! बोला शेठ, कुठला उंदीर घेताय?"

शेठ आपल्याच कोठाराच्या बिळाकडं डोळे वटारून बघायला लागला. राजा मात्र असा खदाखदा हसला की पागोटं राखेत पडलं! हातातलं सोन्याचं कडं त्यानं हौसाला देऊ केलं. ते त्या जाड मनगटातून ओढून काढायला दोन दरबारी लागले.

"शेठ, हिला कौलारू घर बांधून दे!"

"देतो, महाराज. पण तोवर या दोघी राहणार कुठं?"

"तुझ्या माडीवर!"

हौसानं सासूचा हात धरला आणि शेठच्या पायऱ्या चढता चढता वळून म्हणाली, "शेठ, समई जरा जपून लावा हं. तुमच्याकडं उंदीर फार!"

राजा पुन्हा इतका हसला की दरबाऱ्यांनी त्याला दोन्ही बाजूंनी धरून घरी नेलं.