वाळूचे डाग

नळ गावात यायच्या फार आधीची गोष्ट. सगुणाकाकूंच्या घरी पाणी गाळायला तिवईवर तीन मडकी एकावर एक असत. वरच्यात वाळू, मधल्यात कोळसा आणि खालच्यात गाळलेलं पाणी.

वाळू मळली की काकू तिला धुऊन अंगणात उन्हात पसरायच्या. कोळशाचा नुसता जळफळाट व्हायचा. "पाण्याचा वास गिळायचा मी, आणि लाड हिचे," तो मनात म्हणायचा.

एकदा काकू कोळशाला म्हणाल्या, "चल रे, आज तुलाही धुवायला काढते."

वाळूवर कुरघोडी करायची संधी कोळसा सोडतोय कशाला? "मी काय तिच्यासारखा मळतो? बघा, एक तरी डाग दिसतोय?"

काळ्या अंगावर डाग दिसणार कुठून? काकूंना पटलं.

पण गिळलेलं सगळं कोळशाच्या छिद्राछिद्रांत साठलं होतं. त्यावर जंतू पोसले आणि वाढत गेले. खालच्या पाण्याला घाण वास यायला लागला, घरातली पोरं पोट धरून बसली.

काकूंनी मधलं मडकं उकिरड्यावर उपडं केलं आणि त्या वाळू धुवायला बसल्या. कोळसा तिथून बघत राहिला. आज त्याला वाळूच्या लाडांचा नाही, तिच्या अंगावरच्या डागांचा हेवा वाटला.