देवीला बोललेले फळ

मुलांनो, एका चातुर्मासात मी नेम धरला होता. गावदेवीला ताजे फूल वाहण्याआधी कालचे निर्माल्य आपल्या हाताने काढायचे आणि लांब नेऊन पुरायचे. ते करता करता सुचलेली ही गोष्ट.

घाटमाथ्यावरच्या एका रानात एक खार राहत असे. एकदा घारीने तिचे धाकटे पिल्लू उचलले आणि कसे कोण जाणे, ते पंजातून निसटून गवतात पडले. खारीने तिथेच वनदेवीला हात जोडले. "आई, माझ्या वाफ्यातलं पहिलं फळ पौर्णिमेला तुला वाहीन. तोवर त्याला कोणी शिवणार नाही." वाफा स्ट्रॉबेरीचा होता. खालच्या मळ्याच्या बांधावर टाकलेली रोपे तिने तोंडात धरून एकेक करून आणली होती. थंडी सरेपर्यंत पिल्लांचे पोट त्याच फळांवर भरायचे होते.

पहिले फळ पिकले, पण पौर्णिमा अजून लांब होती. दव लागू नये म्हणून खारीने त्यावर आणि आजूबाजूच्या रोपांवर पाने गच्च पसरली. धुके रोज उतरत होते आणि पानांखाली वारा शिरत नव्हता. एका सकाळी पाहते तो फळावर राखेसारखी करडी बुरशी! खुडावे तर देवीला दिलेला शब्द मोडतो. तिने ते तसेच राहू दिले. वरच्या फांदीवरून बुलबुल म्हणाला, "खारूताई, देवीचं फळ म्हातारं झालं गं. दाढी फुटली त्याला." याचा डोळा फळांवरच आहे, असे वाटून खारीने त्याचे म्हणणे कानाआड केले. पण शेजारची फळे मऊ पडू लागली, मग फुलेही करपली. पिल्ले भूक लागली म्हणत आणि ती नुसती वाफ्याभोवती फिरत राही.

अशाच एका सकाळी ती वनदेवी म्हणून पुजलेल्या दगडावरचे कालचे फूल काढत होती. बुलबुल जवळ येऊन बसला.

"ते का काढतेस गं?"

"कोमेजलेलं देवीपुढे कसं ठेवू, भाऊ? त्याच्या संगतीनं ताजंही नासतं."

"मग तिच्या नावाचं फळ का ठेवलंयस तसंच?"

खारीचे हात थांबले. ती वाफ्याकडे धावली, पण दव सुकेपर्यंत थांबली, कारण ओल्या रोपांत वावरले की बुरशी अंगाला लागून सगळीकडे जाते. मग "आई, सांभाळून घे" म्हणत तिने आधी ते फळ काढले, मागोमाग नासलेली सारी फळे, करपलेली फुले, वाळकी पाने. सगळे लांब नेऊन पुरले. वरचे पानांचे पांघरूण काढून रोपे वाऱ्याला मोकळी केली, फळांखाली कोरडे गवत घातले. रात्री पुन्हा धुके उतरले. तिला झोप कुठली? रोज दव सुकले की ती एकेक फळ उलटून बघे. अर्धा वाफा गेलाच, पण उरलेला हळूहळू सावरला. पौर्णिमेला तिने एक लालबुंद, निरोगी फळ देवीपुढे ठेवले. प्रसाद आधी पिल्लांना दिला, मग बुलबुलाला. त्याने थट्टा न करता खाल्ला.

तात्पर्य : नासलेले वेळीच दूर करणे, हीसुद्धा पूजाच आहे, देवाच्या नावाने ते जवळ ठेवू नये. मुलांनो, उद्या सकाळी ताजे फूल वाहण्याआधी कालचे निर्माल्य तुम्हीच काढा, आणि कुंडीतल्या रोपाखालची वाळकी पानेही उचला, एवढे माझे ऐकाल ना?