मणिवेल बेटावरचे चौदा दिवस

फार मागे मणिवेल बेटावर पुण्यकेतू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व काशी देशातल्या एका बुरुडाच्या घरी जन्माला आला. त्याचे नाव वेणुक. मोठा झाल्यावर बायको उप्पला हिला घेऊन तो जहाजाने बेटावर आला आणि बाजारात टोपल्या-सुपांचे दुकान मांडून बसला. तिथेच त्यांना मुलगी झाली.

बेटावर गोड्या पाण्याचा एकच तलाव होता. म्हणून तिथे कर पैशात घेत नसत. ज्याचे दुकान असेल त्याने, मग तो कुठल्याही देशाचा असो, महिन्यातून एक दिवस तलावाच्या बांधावर माती टाकायची. वेणुकाला हे ठाऊक नव्हते. काशीलाही राजासाठी असाच कामाचा दिवस द्यावा लागे; तिथला त्याच्या वाटणीचा दिवस त्याचा भाऊ भरत होता. तेवढ्याने आपण मोकळे, असे तो धरून चालला होता. दहा महिन्यांनी बाजारात दवंडी झाली तेव्हा कुठे त्याला कळले. जाणूनबुजून चुकवणाऱ्याला बायकापोरांसह जहाजावर चढवून परत धाडू, असेही दवंडीत होते.

तो शेजारच्या गोधिकाकडे गेला. गोधिक काशीचाच, अत्तरे विकायचा.

"तुला आत्ता कळलं होय?" गोधिक हसला. "मी सात वर्षं इथं आहे. इथं विचारलं की सांगतो, तिकडे भरतो. तिकडे विचारलं की सांगतो, इथं भरतो. दोन्ही राजे खूश, माझी पाठही खूश!"

वेणुक घरी आला. सांगायला जावे आणि जहाजावर चढवले तर? समुद्र खवळलेला, पोर चार महिन्यांची. या विचारात दोन महिने गेले. शेवटी उप्पलाच म्हणाली, "अहो, कोणी दारावर आलं की मी हिला उराशी धरते. असं किती दिवस जगायचं? जायचं तर आज जाऊ. मी पण येते."

"चढवलं जहाजावर तर?"

"तर चढू. तिघं मिळून चढू."

तलावावर नंदिसेन नावाचा अधिकारी होता. वेणुकाने आपली चूक सांगितली. नंदिसेन म्हणाला, "भाऊ भरतो तो तुझ्या तिथल्या घराचा दिवस. तो तिथंच राहणार. दुकान इथलं, त्याचा दिवस इथं. परदेशी माणसाची अशी चूक होते. ठाऊक नव्हतं ना तुला? हो म्हण, बारा दिवस सांगतो आणि मोकळा करतो."

उप्पलाचा जीव भांड्यात पडला. एक हो म्हटले की झाले. पण बोधिसत्त्वाने मन घट्ट केले.

"दहा महिने ठाऊक नव्हतं, स्वामी. पुढचे दोन ठाऊक होतं. भ्यालो, म्हणून आलो नाही."

नंदिसेनाचा चेहरा बदलला. "याचा अर्थ कळतो तुला? जहाज बंदरात उभं आहे."

"कळतो. म्हणून तर दोघींना बरोबर घेऊन आलोय."

"तुझ्या देशाचे आणखी कोण आहेत न भरणारे?"

"मी माझे दिवस सांगायला आलोय. त्यांचे त्यांना सांगता येतील."

नंदिसेन त्या पोरीकडे बघू लागला. मग म्हणाला, "स्वतःहून सांगणाऱ्याला चुकवणारा कसं म्हणू? पण त्या दोन महिन्यांचे दुप्पट. चौदा दिवस. तोवर दुकान बंद."

चौदा दिवस बोधिसत्त्वाने माती वाहिली. खांदे सोलवटले. उप्पला लोकांचे भात कांडून पेजेपुरते आणायची. गोधिक जाता-येता टोमणा मारायचा, "काय बुरूडशेठ, तलाव नावावर करून देणार वाटतं राजा?" बोधिसत्त्व टोपली उचलून पुढे जायचा.

पंधराव्या सकाळी दुकान उघडले. पहिले गिऱ्हाईक गोधिकच.

"एक टोपली दे. माती वाहायची."

"किती दिवसांसाठी?"

"ते विचारू नकोस बाबा. सात वर्षांचे आहेत. आधी जाऊन सांगतो, मग बसून रडतो." मग तो म्हणाला, "तू माझं नाव नाही घेतलंस. कळलं मला."

बोधिसत्त्वाने मऊ काठाची टोपली निवडून त्याला दिली, दुकान उप्पलाच्या हवाली केले आणि तो गोधिकाबरोबर बांधाकडे चालू लागला.

एवढे सांगून भिक्षूंचे गुरू शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, तो गोधिक म्हणजे तुमच्या मागच्या ओळीत बसलेला तिस्स. नंदिसेन म्हणजे इथले ज्येष्ठ भिक्षू, स्थविर उत्तर. उप्पला म्हणजे बाळाला मांडीवर घेऊन ऐकणारी ही उपासिका विमला. आणि तो बुरूड मीच होतो."

भीती वाटत असतानाही एकदा ठरवलेल्या चांगल्या गोष्टीवरून न हटणे, हीच अधिष्ठान पारमिता, म्हणजे दृढ निश्चयाची परिपूर्णता.